गव्हाचे कर्ज: 1951 चा अमेरिकी कायदा आणि त्यामागची सहा महिन्यांची ओढाताण

16 डिसेंबर 1950 रोजी भारताच्या वॉशिंग्टनमधील राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांच्याकडे 20 लाख टन धान्याची रीतसर मागणी केली. बाजारभावाने रोख डॉलर मोजून एवढे धान्य घेण्याची भारताची ऐपत नव्हती, म्हणून सवलतीच्या अटींवर ते मिळावे अशी विनंती होती. या मागणीचे उत्तर म्हणून अमेरिकेत जो कायदा झाला, त्यावर अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची सही 15 जून 1951 रोजी पडली. अमेरिकेच्या कोठारांत गहू होता. जो वेळ गेला तो गहू द्यायचा की नाही, दान म्हणून द्यायचा की उधार, आणि त्याच्या बदल्यात काय मागायचे, या वादात गेला.

1950 हे वर्ष भारताला फार कठीण गेले. 15 ऑगस्टला आसामात भयंकर भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ पूर आले. बिहार आणि मद्रास प्रांतांत पावसाने दगा दिला. फाळणीमुळे पश्चिम पंजाब आणि सिंधमधली गव्हाची कालव्याखालची जमीन पाकिस्तानात गेलेली होतीच. अन्नमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्यापुढे लाखो टनांची तूट उभी राहिली. जानेवारी 1951 मध्ये शिधावाटपाचे माणशी रोजचे प्रमाण 12 औंसांवरून 9 औंसांवर, म्हणजे सुमारे 340 ग्रॅमवरून 255 ग्रॅमवर आणावे लागले. मुंबईसारख्या शहरात 1943 पासून शिधापत्रिका चालू होती, त्यामुळे या कपातीचा अर्थ तिथल्या प्रत्येक घराला लगेच कळला. गिरणीत दिवसभर राबणाऱ्या माणसाला पाव किलो धान्यावर दिवस काढायचा होता.

अमेरिकेकडून गहू मिळवण्याचा विचार भारतात यापूर्वीही झाला होता. ऑक्टोबर 1949 मध्ये जवाहरलाल नेहरू पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा सवलतीच्या दराने गहू मिळावा अशी भारताची इच्छा होती. मात्र स्वतः पंतप्रधानांनी हात पसरायचा नाही, हे नेहरूंनी मनाशी ठरवलेले होते, आणि मागितल्याशिवाय पुढे होऊन द्यावे असे ट्रुमन प्रशासनाला वाटले नाही. त्या दौऱ्यातून गव्हाबाबत काही निष्पन्न झाले नाही. पुढे गव्हाच्या प्रकरणात भारताने जी भूमिका घेतली तिची बीजे या दौऱ्यातच दिसतात: धान्याची गरज आहे, पण ते मागण्याची रीत स्वतंत्र देशाला शोभेल अशी असली पाहिजे.

डिसेंबरमधली मागणी अ‍ॅचिसन आणि त्यांचे दक्षिण आशियाविषयीचे सहायक मंत्री जॉर्ज मॅकगी यांना मान्य होती. चीनमध्ये 1949 साली कम्युनिस्टांची सत्ता आली होती, आणि भारतात उपासमार माजली तर तिथेही तेच होईल अशी धास्ती वॉशिंग्टनमध्ये होती. नव्या दिल्लीतले अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन हे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचे चाहते नव्हते, तरी धान्य द्यावे या बाजूचे होते. प्रशासनाला मान्य असलेली गोष्ट लगेच का होऊ शकली नाही, हे समजण्यासाठी तिथली राज्यव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. अमेरिकी राज्यघटनेनुसार कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय खजिन्यातून एक डॉलरही काढता येत नाही. परराष्ट्रमंत्री आश्वासन देऊ शकतात, पैसा देऊ शकत नाहीत. पैसा अमेरिकी काँग्रेसची दोन सभागृहे, सेनेट आणि प्रतिनिधीगृह, देतात, आणि त्या सभागृहांत बसलेल्या माणसांना निवडून देणारे मतदार टेक्सास, जॉर्जिया, ओहायोमध्ये असतात.

भारतात उलट स्थिती होती. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या संविधानाच्या 292 व्या अनुच्छेदाने केंद्र सरकारला संचित निधीच्या तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार दिलेला आहे; संसद त्यावर मर्यादा घालू शकते, पण प्रत्येक परदेशी कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही. त्यामुळे देणाऱ्या देशात विधिमंडळाची मंजुरी हाच मुख्य अडसर होता, तर घेणाऱ्या देशात ती कायद्याने आवश्यकही नव्हती. तरीही नेहरूंनी अटींचा प्रश्न संसदेपुढे आणला.

अमेरिकी सभागृहांतल्या रागाचे मोठे कारण कोरिया होते. जून 1950 पासून अमेरिकी सैनिक तिथे लढत होते. भारताने उत्तर कोरियाच्या आक्रमणाचा निषेध केला होता, पण युद्धात उतरलेल्या चीनला आक्रमक ठरवायला तो तयार नव्हता. 1 फेब्रुवारी 1951 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चीनला आक्रमक ठरवणारा ठराव केला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. भारताच्या बाजूला होते ब्रह्मदेश आणि सोव्हिएत गट. चीनला कोपऱ्यात ढकलले तर वाटाघाटीचा मार्ग बंद होईल, असे भारताचे म्हणणे होते. आपली मुले मरत असताना हे म्हणणे ऐकून घेण्याची मनःस्थिती अमेरिकी प्रतिनिधींची नव्हती. सेनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, टेक्सासचे टॉम कॉनली, यांनी तर सुरुवातीपासून नाराजी लपवली नाही. ते ट्रुमन यांच्याच डेमोक्रॅट पक्षाचे होते, हे इथे महत्त्वाचे आहे.

या वातावरणातही दोन्ही पक्षांतले काही सदस्य भारताच्या बाजूने उभे राहिले. न्यू जर्सीचे रिपब्लिकन सेनेटर अलेक्झांडर स्मिथ आणि मिनेसोटाचे डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्री यांनी पुढाकार घेतला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात अन्नवाटपाचे प्रचंड काम केलेले माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी मदतीला पाठिंबा दिला. चर्चच्या संघटनांनी सदस्यांकडे निवेदने पाठवली. न्यूयॉर्कमधल्या इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांनी 1946 साली भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व मिळवून देणाऱ्या कायद्यासाठी सदस्यांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. आता ते गव्हासाठी त्याच दारांत उभे राहिले. परक्या देशाच्या राजदूताला सभागृहातल्या मतांसाठी उघड खटपट करता येत नाही. ती उणीव अशा लोकांनी भरून काढली.

12 फेब्रुवारी 1951 रोजी ट्रुमन यांनी काँग्रेसला संदेश पाठवला. भारताची 20 लाख टनांची गरज त्यांनी मान्य केली आणि त्यातल्या पहिल्या 10 लाख टनांसाठी लगेच तरतूद करावी अशी शिफारस केली. पुढे जो आकडा कायम झाला तो 19 कोटी डॉलरचा, त्या वेळच्या दराने सुमारे 90 कोटी रुपयांचा. या संदेशात ट्रुमन यांनी मदत अनुदान म्हणून, म्हणजे परतफेडीविना, द्यावी असे सुचवले होते. मार्शल योजनेखाली युरोपला दिलेला बहुतेक पैसा अनुदानाच्याच रूपाने गेला होता, आणि भारताच्या डोक्यावर डॉलरचे ओझे घातले तर त्याची विकासाची कामे खुंटतील, हा हिशेब त्यामागे होता. हिशेब बरोबर होता. पण अनुदान म्हटले की देणाऱ्याच्या मनात कृतज्ञतेची अपेक्षा उभी राहते, आणि भारताच्या तटस्थतेत तेव्हाच्या अमेरिकी राजकारण्यांना कृतज्ञता कुठेच दिसत नव्हती.

प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीने सुनावण्या घेऊन मार्चच्या सुरुवातीला विधेयक मंजूर केले. तिथून ते नियम समितीकडे गेले आणि अडकले. कोणते विधेयक सभागृहापुढे कधी यावे आणि त्यावर किती वेळ चर्चा व्हावी हे ही समिती ठरवते. तिने वेळ दिला नाही तर विधेयक मतदानापर्यंत सहसा पोहोचत नाही. 1949 साली डेमोक्रॅट पक्षाने एक सुधारणा केली होती: समितीने 21 दिवसांत निर्णय दिला नाही तर विधेयक तिला डावलून सभागृहात आणता येईल. जानेवारी 1951 मध्ये नव्या सभागृहाने ही सुधारणा रद्द केली. त्यामुळे गव्हाचे विधेयक आले तेव्हा नियम समितीच्या हाती पूर्वीची सगळी ताकद परत आलेली होती. तिथे रिपब्लिकन आणि दक्षिणेकडचे डेमोक्रॅट मिळून बहुमत करत, आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की दान मिळणार नाही. द्यायचेच तर कर्ज द्या. भारतातल्या शिधावाटपाच्या दुकानापुढची रांग आणि वॉशिंग्टनमधल्या एका समितीची कार्यपद्धती यांचा असा थेट संबंध लागला.

कर्जाच्या मागणीमागे दुसरी एक मागणी होती, आणि ती अधिक नाजूक होती. भारताकडे मँगनीज आणि अभ्रक होते, ते अमेरिकेला मिळतही होते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट होते, ज्यातून थोरियम निघते. थोरियमला अणुशक्तीच्या दृष्टीने महत्त्व असल्याने भारताने मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी घातलेली होती, आणि 1948 च्या अणुऊर्जा कायद्याने हे सगळे खनिज सरकारच्या ताब्यात ठेवले होते. अमेरिकी सदस्यांचा प्रश्न असा होता की, ज्या देशाकडे अशी संपत्ती आहे त्याने ती देऊन गहू का घेऊ नये. नेहरूंच्या दृष्टीने हा केवळ व्यापाराचा प्रश्न नव्हता. अण्वस्त्रे बनवण्याच्या कामी येईल असा माल भारताने द्यावा, आणि तोही भुकेच्या दबावाखाली द्यावा, हे त्यांना कदापि मान्य होणार नव्हते. मँगनीज विकायला भारताची हरकत नव्हती, मोनाझाइटला होती.

एप्रिल उजाडला तरी विधेयक जिथल्या तिथे होते. 11 एप्रिलला ट्रुमन यांनी कोरियातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर केले आणि सगळ्या वॉशिंग्टनचे लक्ष त्या वादळाकडे गेले. निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज अशा तडजोडीही चर्चेत येऊन गेल्या. दरम्यान सोव्हिएत संघाने 50 हजार टन गहू देण्याची तयारी दाखवली आणि चीनकडून तांदूळ घेण्याचे करार झाले. हा विक्रीचा किंवा मालाच्या बदल्यात मालाचा व्यवहार होता, आणि प्रमाणही अमेरिकेच्या प्रस्तावापेक्षा फार लहान होते. तरीही त्याचा परिणाम झाला. अमेरिका महिनोन्महिने वाद घालते आणि मॉस्को जहाजे पाठवते, असे भारतातली वृत्तपत्रे लिहू लागली, तेव्हा काँग्रेसमधल्या भारताच्या समर्थकांच्या हाती एक चांगला मुद्दा आला.

1 मे 1951 रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून भाषण केले. परदेशांकडून मदत घेण्यात कमीपणा नाही, पण देशाचा स्वाभिमान किंवा स्वतःचे निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य कितीही गरजेच्या वस्तूसाठी किंचितही गहाण टाकता येणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. अमेरिकेत त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. देणाऱ्यालाच सुनावतो, असे विरोधक म्हणाले, आणि समर्थकांची अडचण वाढली. वॉशिंग्टनमध्ये विजयालक्ष्मी पंडित आणि दिल्लीत परराष्ट्र खात्याचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी यांना बऱ्याच गोष्टी सावरून घ्याव्या लागल्या. पण ते भाषण वाचताना हेही लक्षात ठेवायला हवे की नेहरू त्या वेळी अमेरिकी सेनेटरांशी बोलत नव्हते. शिधा कमी झालेल्या आणि काही महिन्यांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करणार असलेल्या स्वतःच्या लोकांशी ते बोलत होते. दोन्ही देशांत लोकशाही होती आणि दोन्हीकडच्या नेत्यांना आपापल्या मतदारांना तोंड द्यायचे होते. या प्रकरणातला सगळ्यात अवघड पेच हाच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नेहरूंनी संसदेत जे सांगितले त्याने कोंडी फुटली. अनुदान आणि कर्ज असे दोन पर्याय अमेरिकेपुढे आहेत, आणि भारत कर्जाला पसंती देईल, असे त्यांनी स्पष्ट केले. वरवर पाहता हा तोट्याचा निर्णय होता. फुकट मिळू शकणारी वस्तू भारत व्याजाने घेत होता. पण कर्जात देणे-घेणे ठरलेले असते. मुद्दल किती, व्याज किती, फेडायचे कधी हे कागदावर येते आणि त्यापलीकडे ऋणकोकडून मतांची किंवा धोरणाची अपेक्षा करण्याचा हक्क धनकोला उरत नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्यासाठी हे ओझे खरे होते, कारण पहिली पंचवार्षिक योजना तयार होत होती आणि परकीय चलनाचा प्रत्येक डॉलर मोजून वापरायचा होता. तरीही सरकारने कर्जच निवडले. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या विरोधकांनाही कर्जच हवे होते, फक्त त्यांची कारणे वेगळी होती. फुकट काही देणार नाही असे म्हणणारे आणि फुकट काही घेणार नाही असे म्हणणारे एकाच कलमावर येऊन थांबले.

त्याच दिवसांत गोष्टी भराभर घडल्या. 8 मे रोजी प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष जॉन की यांचे निधन झाले आणि साउथ कॅरोलायनाचे जेम्स रिचर्ड्स त्यांच्या जागी आले. 16 मे रोजी सेनेटने 52 विरुद्ध 32 मतांनी विधेयक मंजूर केले. 24 मे रोजी प्रतिनिधीगृहात 293 विरुद्ध 94 असे मतदान झाले. ज्या विधेयकाला सभागृहात एवढे मोठे बहुमत होते, ते दोन महिने एका समितीने रोखून धरले होते. पुढे दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांतला फरक मिटवायला आणखी काही आठवडे लागले.

कायद्याचे अधिकृत नाव भारत आपत्कालीन अन्नसाहाय्य कायदा, 1951. त्यात 19 कोटी डॉलरपर्यंतच्या धान्यखरेदीसाठी उधारीची सोय होती. ठरलेले व्याज द.सा.द.शे. अडीच टक्के, मुदत 35 वर्षे, आणि मुद्दलाची परतफेड 1957 पासून. खनिजांचा प्रश्न शब्दरचनेने सोडवला गेला: अमेरिकेला तुटवडा असलेला माल देऊनही कर्ज फेडता येईल, पण कोणता माल, किती आणि कोणत्या अटींवर, हे भारत सरकारच्या संमतीनेच ठरेल. मोनाझाइट द्यायचे की नाही, याचा निर्णय त्यामुळे दिल्लीकडेच राहिला. धान्यवाटपात वंश किंवा राजकीय मत पाहून भेदभाव होऊ नये, गहू अमेरिकेतून आला आहे याची लोकांना माहिती द्यावी, आणि अमेरिकी निरीक्षकांना वाटप पाहता यावे, अशाही अटी होत्या. भारताने त्या स्वीकारल्या. नेहरूंनी अमेरिकी जनतेचे आभार मानले, आणि हा गहू रेशनच्या दुकानांतून विकून आलेले रुपये विशेष विकास निधीत जमा झाले.

कायद्यातले एक कलम आज फारसे कुणाला आठवत नाही, पण त्याचे फळ दीर्घकाळ टिकले. 1957 च्या आरंभापर्यंत भारताकडून येणाऱ्या व्याजापैकी 50 लाख डॉलरपर्यंतची रक्कम अमेरिकेने खजिन्यात न टाकता दोन्ही देशांतल्या शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी बाजूला ठेवायची होती. त्यातून भारतीय विद्यापीठांना अमेरिकी ग्रंथ आणि प्रयोगशाळांची उपकरणे मिळाली आणि ग्रंथपाल व प्राध्यापकांची येजा झाली. सहा महिने कडवटपणाने चाललेल्या वादातून इतके विधायक काही निघावे, याचे श्रेय विधेयकात ही तरतूद घालणाऱ्या सदस्यांना द्यायला हवे.

राजकीयदृष्ट्या मात्र उशिराची किंमत मोजावी लागली. डिसेंबरमध्ये लगेच दिलेला गहू मैत्रीची खूण ठरला असता. जूनमध्ये मिळालेल्या गव्हाबरोबर सभागृहांतली सगळी भाषणेही भारतात पोहोचली होती. पुढच्याच काळात मदतीवर कायदेशीर अटी आणखी वाढल्या. ऑक्टोबर 1951 मध्ये झालेल्या बॅटल कायद्याने कम्युनिस्ट देशांना युद्धोपयोगी माल पुरवणाऱ्या देशांची मदत तोडण्याची तरतूद केली, आणि 1953 साली भारताने चीनला थोडे थोरियम नायट्रेट पाठवले तेव्हा ती तलवार भारतावर लटकली; दोन्ही सरकारांनी समजुतीने ते प्रकरण मिटवले.

धान्याच्या बाबतीत हा पेच 1954 च्या सार्वजनिक कायदा 480 ने बराच सैल केला. त्याखाली अमेरिकेचे शिलकी धान्य डॉलरऐवजी रुपयांत विकत घेता येऊ लागले. अमेरिकी शेतकऱ्याचा माल खपत असल्याने काँग्रेसमध्ये या कायद्याला आपोआप पाठिंबा मिळे. 4 मे 1960 रोजी तेव्हाचे अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील, यांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदळाच्या करारावर सही केली. डिसेंबर 1950 मधल्या मागणीच्या आठपट गहू एका सहीने ठरला. महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांत लाल गहू आणि मिलो ज्वारी आली ती याच वाटेने.

औद्योगिक कर्जांना असा आधार नव्हता, आणि तिथे विधिमंडळाची ताकद पुन्हा जाणवली. डिसेंबर 1961 मध्ये भारताने गोवा मुक्त केला, त्यावर अमेरिकेत मोठी नाराजी झाली. 1962 मध्ये सेनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांनी भारताची मदत पाव हिश्शाने कापण्याचा प्रस्ताव आणला. केनेडी प्रशासनाला तो मागे घ्यायला लावण्यासाठी बरीच धडपड करावी लागली. तेव्हाच्या बिहारमधल्या बोकारो इथे सरकारी मालकीचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी भारताला अमेरिकी कर्ज हवे होते. अध्यक्ष केनेडी आणि दिल्लीतले अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ या योजनेच्या बाजूचे होते. पण मार्च 1963 मध्ये जनरल लुशियस क्ले यांच्या समितीने खासगी उद्योगाशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी कारखान्यांना पैसा देऊ नये असा अहवाल दिला. ऑगस्टमध्ये प्रतिनिधीगृहाने, काँग्रेसच्या खास मंजुरीशिवाय कोणत्याही एका प्रकल्पाला 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त मदत न देण्याची दुरुस्ती संमत केली. बोकारोची गरज त्याच्या कितीतरी पट होती.

या वेळी भारत थांबला नाही. आपल्यामुळे संपूर्ण मदत विधेयकच अडचणीत येऊ नये, म्हणून नेहरूंनी बोकारोची मागणी स्वतः मागे घेतली आणि केनेडी यांनी ती गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. त्यानंतर दिल्लीने मॉस्कोशी बोलणी सुरू केली. जानेवारी 1965 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 1972 मध्ये बोकारोची पहिली झोतभट्टी सुरू झाली.